लाभ कोणाचा, हानी कोणाची?

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने आठवणी लिहाव्यात, हा संकेत मला मान्य आहे. पहाटेची वंदना, विहिरीवरची रांग, थाळीतले पिठले-भाकरी आणि रात्रीच्या अभ्यासिकेत कंदिलाच्या काचा पुसण्याची पाळी ही आपणा सर्वांची सामाईक ठेव आहे. ती शब्दांत मांडणारे समर्थ हात या अंकात पुष्कळ आहेत. मी मात्र आज एका अशा वस्तूविषयी लिहिणार आहे, जी आमच्या वेळी जगातच नव्हती आणि जी आता आपल्या वसतिगृहाच्या फाटकाच्या आत येऊन गेली आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपवून मुले परतली होती. इयत्ता नववीतील एका मुलाच्या कंपासपेटीत अधीक्षकांना बोटाएवढी, चपटी, काळी वस्तू सापडली. पेनड्राइव्ह समजून त्यांनी ती संगणकाच्या शिक्षकांकडे दिली. संगणकात घालावयाचे टोक तिला कोठेच सापडेना. एका बाजूने मात्र पिकल्या आंब्याचा वास येत होता. ती ‘पॉड’ पद्धतीची ई-सिगारेट होती. शालेय समितीचा सदस्य आणि निवृत्त विज्ञान शिक्षक या नात्याने मला दुसऱ्या दिवशीच्या बैठकीचे बोलावणे आले.

बैठकीत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, एक नासका आंबा सारी अढी नासवतो. तेव्हा मुलाच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला द्यावा आणि विषय संपवावा. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, यात तंबाखू नाही, धूर नाही, नुसती सुगंधी वाफ आहे. तेव्हा एवढा गहजब कशासाठी? दुपारी मुलाचे वडील आले. शेतमजुरी करणारा तो गृहस्थ खुर्चीवर बसावयासही तयार होईना. त्यांच्याबरोबर मुलाचा चुलत भाऊ होता. शहरातील एका कारखान्यात काम करणारा, पंचविशीतला. तो म्हणाला, “सर, चूक माझी आहे. ते माझंच होतं, त्यानं सुट्टीत माझ्या बॅगेतून घेतलं. पण खोटं नाही सांगत, मी दिवसाला वीस सिगारेटी ओढत होतो. हे घेतल्यापासून आठ महिने झाले, एकही ओढली नाही.”

संध्याकाळी मी त्या मुलाशी एकट्याने बोललो. बराच वेळ गप्प राहून त्याने मलाच विचारले, “सर, पाचव्या शीलात हे येतं का? यानं नशा तर होत नाही.”

भावाचे बोलणे खरे होते आणि मुलाचा प्रश्नही खरा होता. त्या दिवशी दोघांनाही समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. त्यानंतर मी या विषयाचे जे वाचन केले आणि त्यातून माझे जे मत बनले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. तिचे मुख्य भाग दोन. एक लहानशी लिथियम बॅटरी आणि दुसरा, द्रावणाने भरलेली कुपी, हाच पॉड. द्रावणात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणणारी रसायने आणि निकोटिन असते. ओढणाऱ्याने श्वास आत घेतला की कुपीतील तारेचे वेटोळे तापते आणि द्रावणाचे सूक्ष्म तुषार होऊन छातीत जातात. आपण त्यांना वाफ म्हणतो, पण ती पाण्याची वाफ नव्हे. यात काहीही जळत नाही, हे या उपकरणाचे मुख्य वैशिष्ट्य होय. आजच्या ई-सिगारेटचे जनक मानले जाणारे चीनचे औषधनिर्माते होन लिक स्वतः धूम्रपान करीत. त्यांच्या वडिलांचा मृत्यू फुप्फुसाच्या कर्करोगाने झाला. २००३ मध्ये त्यांनी हे उपकरण सिद्ध केले. म्हणजे सिगारेट ओढणाऱ्या माणसाने सिगारेटपासून सुटण्यासाठी शोधलेला हा मार्ग होता. तो आरंभ विसरून या वस्तूविषयी बोलणे न्याय्य होणार नाही.

पॉडचे पर्व सुरू झाले ते २०१५ मध्ये, अमेरिकेत ‘जूल’ नावाचे उपकरण बाजारात आल्यावर. त्याआधीची उपकरणे जाडजूड असत. त्यांतील निकोटिनचे प्रमाण वाढवले की घसा जळत असे आणि खोकला येई. जूलने निकोटिनमध्ये बेंझॉइक आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरला. क्षाररूपातील निकोटिन घशाला फारसे बोचत नाही. त्यामुळे तीव्र द्रावणही सहज ओढता येते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्याच्या कुपीत ०.७ मिलिलिटर द्रावण आणि वजनाने ५ टक्के निकोटिन असे. एका कुपीतील निकोटिन साधारणपणे सिगारेटच्या एका पाकिटाइतके आहे, असे ती कंपनीच सांगत असे. हे सारे सामावले होते पेनड्राइव्हच्या आकारात.

आता गुणांची बाजू. ती मी हातचे न राखता मांडतो, कारण अर्धवट मांडलेली बाजू मुले लगेच ओळखतात.

सिगारेट किंवा बिडी माणसाला मारते ती मुख्यतः तिच्या धुराने. तंबाखू जळाली की डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोग निर्माण करणारी अनेक द्रव्ये छातीत जातात. निकोटिन माणसाला जखडून ठेवते. पण कर्करोगाचे मुख्य कारण ते नव्हे. पॉडमध्ये ज्वलन नसल्यामुळे डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही नाही. म्हणून वीस वर्षे सिगारेट ओढणारा माणूस ती पूर्णपणे सोडून पॉडवर आला, तर त्याच्या शरीरात जाणारी घातक द्रव्ये खूपच कमी होतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ मध्ये ई-सिगारेट धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला होता. तो तज्ज्ञांच्या मतांवर आधारलेला अंदाज होता, मोजमाप नव्हते, आणि त्यावर टीकाही झाली. पण धुरापेक्षा हे कमी घातक आहे, एवढ्यापुरते फारसे दुमत नाही.

सिगारेट सोडविण्याच्या कामीही त्याचा उपयोग होतो. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ई-सिगारेट दिली आणि निम्म्यांना निकोटिनचे पट्टे, च्युइंगगम यांसारखी औषधे. दोन्ही गटांना समुपदेशनही होते. वर्षअखेर ई-सिगारेटच्या गटातील १८ टक्के लोक सिगारेटमुक्त राहिले, तर औषधांच्या गटातील ९.९ टक्के. म्हणजे यश जवळपास दुप्पट. याशिवाय कपड्यांना वास नाही, राख नाही, थोटके नाहीत, घरातल्यांच्या नाकातोंडात धूर जात नाही. खिशात सहज मावते आणि एक झुरका घेऊन परत ठेवता येते. त्या चुलत भावाच्या बोलण्याला असा आधार होता.

परंतु याच प्रयोगाचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. ई-सिगारेटच्या साहाय्याने ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांतील ८० टक्के लोक वर्षअखेरही ई-सिगारेट ओढतच होते. औषधे घेऊन सोडणाऱ्यांपैकी अजून औषधावर असणारे केवळ ९ टक्के होते. धूर सुटला, पण निकोटिन सुटले नाही. चुलत भाऊ आठ महिने सिगारेटविना राहिला होता. उपकरणाविना मात्र तो आठ तासही राहू शकत नव्हता. हे त्यानेच नंतर मला सांगितले. वयस्क माणसासाठी हा सौदाही कदाचित फायद्याचा ठरेल. मोठ्या कर्जातून सुटण्यासाठी लहान कर्ज काढावे, तसा तो आहे. पण ज्याच्या डोक्यावर कर्जच नाही, त्याने हे कर्ज का काढावे?

या विषयातील माझे मुख्य म्हणणे हेच आहे. पॉडचे जे गुण सांगितले जातात, ते सर्व सिगारेटच्या तुलनेतले गुण आहेत. सिगारेट ओढणाऱ्यासाठी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात सिगारेट असते, म्हणून पॉडचे पारडे हलके दिसते. जो मुलगा काहीच ओढत नाही, त्याच्या दुसऱ्या पारड्यात स्वच्छ हवा आहे. तिच्याशी तुलना केली, तर पॉडच्या बाजूने लिहिण्याजोगा एकही गुण उरत नाही. ‘गुण अधिक की दोष अधिक’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ‘कोणासाठी’ हा शब्द त्याला जोडल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

याहून चिंतेची गोष्ट अशी की, प्रौढ माणसाच्या दृष्टीने जे गुण, तेच मुलांच्या दृष्टीने सापळे ठरतात. आकार लहान, म्हणून कंपासपेटीत लपते. वास नाही, म्हणून शिक्षकांना कळत नाही. घसा जळत नाही, म्हणून पहिल्या झुरक्याला ठसका लागत नाही. आमच्या पिढीतील कित्येक मुले बिडीच्या पहिल्या ठसक्यानेच शहाणी झाली. निसर्गाने ठेवलेला तो पहारेकरी क्षाररूपी निकोटिनने गप्प केला. आणि आंबा, पुदिना, कलिंगड हे स्वाद तर बालपणाच्याच ओळखीचे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. अमेरिकेने ते भोगले आहे. तेथील राष्ट्रीय पाहणीत, गेल्या तीस दिवसांत ई-सिगारेट ओढल्याचे सांगणाऱ्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होते. २०१८ मध्ये ते २०.८ टक्के झाले आणि २०१९ मध्ये २७.५ टक्के. दोन वर्षांत दुपटीहून अधिक. शाळांच्या स्वच्छतागृहांत मुले घोळक्याने ओढू लागली. २०१८ च्या डिसेंबरात तेथील सर्जन जनरलने ही तरुणांमधील साथ असल्याचे जाहीर केले. तरुणांना आकृष्ट करणाऱ्या जाहिरातबाजीच्या तक्रारींवरून जूल कंपनीला पुढे अनेक राज्यांशी तडजोड करावी लागली. २०२२ मध्ये तीसहून अधिक राज्यांना सुमारे ४४ कोटी डॉलर आणि २०२३ मध्ये आणखी सहा राज्ये व राजधानीच्या प्रदेशाला ४६ कोटी २० लाख डॉलर देण्याचे तिने मान्य केले. सिगारेट ओढणाऱ्यांना सोडविण्यासाठी निघालेली वस्तू न ओढणाऱ्या मुलांच्या दप्तरात कशी पोहोचली, याचा हा सार्वजनिक लेखाजोखा आहे.

त्याच देशाने उपायही केले. विक्रीचे किमान वय २१ केले, पॉडमधील फळांच्या स्वादांवर निर्बंध आणले, शाळाशाळांतून जागृती केली. २०२४ मध्ये हायस्कूलमधील हेच प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. म्हणजे लाट ओसरू शकते. ‘आजकालची मुले ऐकतच नाहीत’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा आकडाही लक्षात ठेवावा.

आता दोषांची बाजू. निकोटिन हे तीव्र व्यसन लावणारे द्रव्य आहे आणि माणसाचा मेंदू वयाच्या साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या घडणीच्या काळात निकोटिनची सवय लागली, तर लक्ष एकाग्र करणे, शिकणे आणि मनावर ताबा ठेवणे यांवर परिणाम होतो. व्यसनही मोठ्या वयाच्या मानाने लवकर जडते. मुलगा म्हणतो, ‘हे ओढले की मन शांत होते.’ पुष्कळदा ती शांतता म्हणजे निकोटिन न मिळाल्यामुळे आलेली बेचैनी निकोटिनने तात्पुरती मिटवणे, एवढीच असते. काटा टोचणाऱ्यानेच तो काढून द्यावा आणि आपण त्याचे आभार मानावेत, तसा हा प्रकार आहे.

द्रावण फार तापले की फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात. तारेच्या वेटोळ्यातून निकेल, क्रोमियम, शिसे यांचे अंश तुषारांत उतरल्याचे आढळले आहे. श्वासनलिकेचा दाह होतो आणि दम्याच्या मुलांचा त्रास वाढतो. कुपीतील द्रावण घरातल्या लहान मुलाच्या पोटात गेले तर विषबाधा होते. दीर्घकालीन परिणामांविषयी सावधगिरी हवी ती यासाठी की, पॉड बाजारात येऊन जेमतेम एक दशक झाले आहे. यंत्राने सिगारेट वळणे १८८० च्या दशकात सुरू झाले. फुप्फुसाच्या कर्करोगाशी तिचा संबंध दाखविणारे डॉल आणि हिल यांचे संशोधन प्रसिद्ध झाले १९५० मध्ये. कर्करोगाला यावयास वेळ लागतो. आज परिणाम दिसत नाही, याचा अर्थ परिणाम नाही असा होत नाही.

येथे एका अतिशयोक्तीचाही निरास करतो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या तीव्र आजाराची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. व्हॉट्सअ‍ॅपवर हे आकडे ‘व्हेपने माणसे मरतात’ एवढ्याच शब्दांत फिरतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुसंख्य रुग्णांनी गांजातील मादक द्रव्य असलेली, बहुधा चोरट्या मार्गाने आलेली द्रावणे ओढली होती आणि त्यांत मिसळलेले ‘ई’ जीवनसत्त्वाचे एक तेलकट संयुग हे मुख्य कारण ठरले. मुलांना अर्धे सत्य सांगू नये. उद्या त्यांना उरलेले अर्धे कळले, की आपल्या खऱ्या शब्दांवरचाही त्यांचा विश्वास उडतो. या प्रकरणाचा खरा धडा वेगळाच आहे: चोरट्या बाजारातील कुपीत काय भरले आहे, हे ओढणाऱ्याला कधीच ठाऊक नसते.

हा धडा भारताला विशेष लागू आहे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. साठवण वगळता इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ओढणाऱ्यासाठी मात्र त्यात स्वतंत्र शिक्षा नाही. तरीही ‘शहरात पानटपरीवर ओळखीनं मागितलं की मिळतं,’ असे त्या चुलत भावाने सांगितले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि गुटख्याच्या पुड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. बंदीने वस्तू दुर्मिळ होते, महाग होते, उघड्यावर मिरवता येत नाही. पण ती नाहीशी होत नाही. उलट आतील मालावर कोणाचीही देखरेख राहत नाही.

या बंदीवर एक आक्षेप घेतला जातो, तो वजनदार आहे. अधिक घातक असलेली बिडी-सिगारेट कोपऱ्याकोपऱ्यावर उघड विकावयाची आणि तुलनेने कमी घातक वस्तूवर बंदी घालावयाची, हे कोणत्या न्यायाचे? इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. निकोटिनचे प्रमाण मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमवर रोखले, अठरा वर्षांखालील मुलांना विक्री निषिद्ध केली आणि प्रौढांना सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेट वापरू दिली. तरीही मुलांमध्ये एकदा वापरून टाकावयाच्या उपकरणांचा प्रसार झाला आणि २०२५ च्या जूनपासून त्या देशाला तशा उपकरणांवर बंदी घालावी लागली. म्हणजे कोणताही मार्ग निर्वेध नाही.

माझ्यापुरता मी निर्णय केला तो आपल्या समाजाची स्थिती पाहून. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के आहेत, तर धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के. आपले खरे दुखणे धुराचे नाही. ते मळलेल्या तंबाखूचे, विदर्भातल्या खर्‍याचे, गुटख्याचे आणि आयाबायांच्या मशेरीचे आहे. जो उपाय धुरावरचा आहे, तो तोंडात तंबाखूचा बार धरणाऱ्या माणसाच्या काय कामाचा? शिवाय बिडी ओढणारा मजूर हजार-दोन हजारांचे उपकरण घेणार नाही. या वस्तूचा लाभ होऊ शकेल असा वर्ग आपल्यात लहान आहे आणि तिच्या वाटेत उभी असलेली, काहीही न ओढणारी मुले लाखोंनी आहेत. म्हणून सर्व विसंगती मान्य करूनही, आपल्याकडे ही बंदी असावी या मताचा मी आहे. विसंगती दूर करावयाची तर ती पॉड खुला करून नव्हे, तर बिडी, सिगारेट आणि तंबाखू यांच्यावरचा लगाम आवळून करावी. सिगारेटमध्ये अडकलेल्या त्या भावासारख्यांसाठी समुपदेशन, पट्टे आणि औषधे हे कायदेशीर मार्ग आहेत. ते खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचविणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

आता त्या मुलाकडे येतो. बैठकीत मी दोन्ही तटांच्या विरोधात बोललो. ‘नुसती वाफ आहे’ म्हणणाऱ्यांना वरील माहिती दिली. दाखला द्या म्हणणाऱ्यांना विचारले, मलेरिया झालेल्या मुलाला आपण घरी पाठवून मोकळे होतो काय? चौदा वर्षांच्या मुलाला निकोटिनची सवय लागली, तर तो जितका शिस्तीचा, तितकाच उपचाराचा विषय आहे. त्याला काढून टाकल्याने उपकरण शाळेबाहेर जाईल. पण मुलगा त्याच्याबरोबरच जाईल, आणि तो जेथे जाईल तेथे त्याला थांबवणारे कोणी नसेल. शेतमजुराच्या मुलाची शाळा सुटणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगावयास नको. शिवाय एकाला दाखला मिळाला, की बाकीची मुले ओढावयाचे थांबत नाहीत. ती सांगावयाचे थांबतात.

बऱ्याच चर्चेनंतर मुलाला ठेवून घेण्याचे ठरले. जिल्हा रुग्णालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात त्याला नेले. पहिले दोन आठवडे कठीण गेले. तो चिडे, झोपत नसे, गणिताच्या तासाला त्याचे चित्त लागत नसे. एकदा जेवणाचे ताट सोडून उठला. अधीक्षकांनी रागावण्याऐवजी त्याला संध्याकाळी बागेच्या पाण्याचे काम दिले. महिन्याभराने तो पूर्ववत झाला. मधे एकदा गावी गेल्यावर घसरल्याचे त्याने आपण होऊन सांगितले. ते सांगणे हे मला या साऱ्यातले सर्वांत मोठे यश वाटते. यंदा तो दहावीच्या परीक्षेस बसला आहे.

या अनुभवावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शाळेने वर्षारंभी मुलांना आणि पालकांना या उपकरणाचे चित्र दाखवून त्याची माहिती द्यावी. जे ओळखता येत नाही, ते अडवता येत नाही. जो मुलगा स्वतःहून सांगेल, त्याला शिक्षा होणार नाही, असा लेखी नियम असावा. विकणाऱ्याविषयी मात्र दया नको. त्याची माहिती पोलिसांना द्यावी. शिक्षकांपाशी तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा विनाशुल्क क्रमांक असावा.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. टपरीवरून तंबाखूची पुडी आणावयास मुलाला पाठवू नका. मुलाच्या हाती तंबाखूजन्य पदार्थ देणे हा बालन्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र असा गुन्हा आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. पण कायदा बाजूला ठेवला, तरी तळहातावर चुना मळता मळता मुलाला व्यसनाविषयी उपदेश करणाऱ्या बापाचा शब्द मुलाच्या कानापर्यंतही पोहोचत नाही. माजी विद्यार्थी बंधूंनाही एक सांगणे आहे. स्नेहमेळाव्याला आपण येतो तेव्हा शंभर-दीडशे लहान डोळे आपल्याकडे पाहत असतात. शहरातून काय घेऊन आलो, हे ते आपल्या भाषणावरून ठरवीत नाहीत. फाटकाबाहेरच्या झाडाखाली आपण काय करतो, त्यावरून ठरवितात.

राहता राहिला त्या मुलाचा प्रश्न. पाचव्या शीलात हे येते का? मी त्याला नंतर दिलेले उत्तर असे: शब्दशः पाहिले तर ते शील मद्याविषयी आणि बेसावध करणाऱ्या मादक पदार्थांविषयी आहे. निकोटिनने माणूस झिंगत नाही, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. शीलाच्या शब्दांत ते बसते की नाही, यावर जाणकार वाद घालतील. पण शील हे कोणी वरून लादलेले फर्मान नाही; ते आपण आपल्याशी केलेले वचन आहे, आणि वचन पाळावयाचे तर मन आपल्या ताब्यात असावे लागते. म्हणून तू मला विचारू नकोस, स्वतःलाच विचार: ती वस्तू कंपासपेटीत असताना गणिताच्या तासाला तुझे मन कोठे होते? फळ्यावर, की पेटीत?

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पेटीत, सर.”